येरगुंडीचे हात

निलंग्याच्या बसस्टँडसमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. त्याची पहिली पाटी जिलानीभाईंनी रंगवली होती. तेव्हा ते पंचविशीच्या आतबाहेर असतील. शिडीवर उभे राहायचे, खडूची रेघ न मारता थेट ब्रशनं अक्षर काढायचे, आणि कुणी वाहवा केली की मान हलवायचे. "हे अक्षर माझं न्हाई. वकारभाईचं हाय."

वकार त्यांचा थोरला भाऊ. हातात ब्रश त्यानंच दिलेला. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात वकार बायकोला आणायला सासुरवाडीला गेला. किल्लारीच्या अलीकडचं गाव. पहाटे भूकंप झाला. निलंग्यातही भांडी पडली, आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर पळालो. दिवस वर आल्यावर खरं काय झालंय ते कळायला लागलं. जिलानीभाई मदतीच्या ट्रकमध्ये चढून गेले. घर शोधायला गल्लीच उरली नव्हती. नुसत्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या होत्या. वरून पाऊस लागलेला. दुसऱ्या दिवशी जवानांनी दगड उचलले तेव्हा वकार सापडला. चेहऱ्यावरून ओळख पटत नव्हती. उजव्या हाताच्या नखांत निळा ऑइलपेंट होता, त्यावरून पटली. बायको शेजारीच होती. तिला सातवा महिना होता.

हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही एकदाच. पण एक गोष्ट आम्हाला सगळ्यांनाच दिसायची. जिलानीभाई दगडी भिंतीच्या घरात बसत नसत. आमचं जुनं दुकान दगडी होतं. ते उंबऱ्याबाहेर उभे राहूनच गोळ्या घ्यायचे. स्वतः पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचे. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, हाजराबी, त्यांची बायको, कुरकुर करायच्या. पण त्यांनी पक्कं घर बांधलं नाही.

पुढच्या काही वर्षांत लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. कुठकुठल्या गावांतली पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहू लागली. पेंटर लोकांचे सुगीचे दिवस आले. तेव्हा फ्लेक्स नव्हते. एसटीच्या रस्त्यावरची एक भिंत मोकळी राहिली नाही. श्रीमंत सर म्हणून एक जण होते. त्यांच्या क्लासची जाहिरात लातूरपासून थेट तेलंगणाच्या हद्दीपर्यंत रंगवायचं काम जिलानीभाईंना मिळालं. बदल्यात सरांनी शब्द दिला, हुमाला आपल्या क्लासमध्ये घेतो, होस्टेलही आपलंच.

हुमा ही जिलानीभाईंची एकुलती एक मुलगी. दहावीला केंद्रात पहिली आलेली. क्लासला गेली तेव्हा आमच्या दुकानासमोरून एसटीत बसली. मांडीवर पत्र्याची पेटी, आणि पेटीवर जिलानीभाईंनी सुंदर अक्षरात तिचं नाव घातलेलं.

त्याच उन्हाळ्यात जिलानीभाई बिलोलीकडे गेले. आपल्या काळ्या रानातून गेलेल्या माणसाला तो मुलूख वेगळाच वाटतो. तिथं ग्रॅनाइटच्या टेकड्या, एकावर एक ठेवल्यासारखे हत्तीएवढे धोंडे. तिथले लोक त्यांना गुंडे म्हणतात. येरगुंडी नावाचं एक गाव आहे. गावाबाहेर रस्त्याकडे तोंड करून एक मोठा गुंडा. त्याचा माथा छपरासारखा पुढं आलेला, खालची बाजू भिंतीसारखी सपाट. पावसाचं पाणी लागणार नाही, ऊनही दुपारनंतरच. रंग पंधरा वर्षं टिकेल, असं जिलानीभाईंना पाहताक्षणीच वाटलं.

त्या छपराखाली उभं राहायचं म्हणजे त्यांना घाम फुटायचा. सारखं वर बघत त्यांनी काम उरकलं. दगडावर तांबडे डाग होते. शिडी धरायला घेतलेला गावातला मजूर म्हणाला, "पेंटर, हितं कायतरी जुनं हाय. बाया येत्यात."

"शेंदूर हाय का? देव हाय?"

"देव न्हाई. हात हायेत."

जिलानीभाईंनी नीट पाहिलं नाही. देव नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं आणि लवकर बाहेर पडायचं होतं. चुन्याचे दोन हात मारले, वर पिवळा ऑइलपेंट, त्यावर निळ्या अक्षरात सरांचं नाव आणि 'डॉक्टर व्हायचंय? लातूरला या!' काम सुरेख झालं. रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतून लोक माना वळवून बघायचे.

पुढच्या वर्षी निकाल लागल्यावर नवा मजकूर घालायला ते परत गेले. शिडी लावत होते तेवढ्यात एक बाई येऊन दगडाशी बसली. काळीसावळी, पन्नाशीची, नऊवारीचा पदर डोक्यावर. जिलानीभाई म्हणाले, "मावशी, जरा सरकून बसा, रंग सांडंल."

"सांडू दे. मागल्या साली बी सांडला व्हता," ती म्हणाली. आपला उजवा तळवा तिनं त्यांच्यापुढं धरला. "ह्या हाताला लागला. राकेलनं घासला तरी जाईना."

तिचं नाव धुरपताबाई. तिचा मुलगा विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला होता. येरगुंडीत जुनी रीत होती. ज्या बाईचं लेकरू गेलं, ती त्या दगडाशी यायची. दगडावर तांबड्या रंगात उमटवलेले हात होते. मोठे होते, लहान होते. कुणी उमटवले ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईनं आपल्या लेकराएवढा हात शोधायचा आणि त्याच्यावर आपला तळवा ठेवून बसायचं. पूजा नाही, नारळ नाही. धुरपताबाई दर अमावास्येला यायची. मागल्या साली त्या वेळीही आली, तर दगडाच्या जागी पिवळी भिंत. तिला वाटलं, हात खाली असतील. तिनं अंदाजानं तळवा टेकवला. रंग ओला होता.

"माझ्या भुजंगाचा हात तुझ्या त्या निळ्या अक्षराखाली हाय," ती म्हणाली. "कोणतं अक्षर त्ये मला वाचता येत न्हाई."

जिलानीभाई तिच्याशेजारी खाली बसले. मग उठले आणि थिनरचा डबा उघडला. त्यांना वाटलं, आपणच लावलाय, आपणच काढू. फडक्यानं हलक्या हातानं घासायला लागले. निळा सुटला, पिवळा सुटला, चुन्याचा थर ओला होऊन पोपडे पडले. धुरपताबाई उठून उभी राहिली. चुन्याखालून तांबडं दिसायला लागलं. त्यांनी फडकं आणखी एकदा फिरवलं आणि ते तांबडं फडक्यावर आलं. दगडावर नुसती गुलाबी झाक राहिली, मग तीही वाळून उडाली.

"थांब," धुरपताबाई म्हणाली. "थांब रे बाबा. ऱ्हाऊ दे आता."

ती रडली नाही, की तिनं त्यांना शिव्याही दिल्या नाहीत. पदर सारखा करून गावाकडे निघून गेली. जिलानीभाई सांगायचे, तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

ते मजकूर न रंगवताच परतले. दिवाळीच्या सुमारास श्रीमंत सरांचा निरोप आला. जागा मोक्याची आहे, अर्धवट खरवडलेली जाहिरात बरी दिसत नाही, परत रंगवा. जिलानीभाईंनी नाही सांगितलं. सर स्वतः बोलले. जिलानीभाई म्हणाले, "दुसऱ्या कोणत्याबी भिंतीवर सांगा. फुकट करतो. तो दगड न्हाई." सर म्हणाले, पेंटरनं जागा निवडायची नसते. दोन शब्द इकडून गेले, दोन तिकडून आले. आठवड्याभरात हुमा पेटी घेऊन निलंग्यात उतरली. बारावीचं वर्ष अर्धं सरलं होतं.

त्यांच्या घरात दखनी बोलतात, मी मराठीत सांगतो. हाजराबी माझ्या दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला आल्या आणि काउंटरलाच टेकल्या. "पोरगी विचारून राहिली, अब्बा, दगडावर दुसरा कोणी रंगवणारच होता ना? मग तुम्ही रंगवला असता तर काय बिघडलं असतं?"

आणि खरोखरच महिन्याभरात दुसऱ्या पेंटरनं तो दगड रंगवला.

हुमानं घरी बसून परीक्षा दिली. मेडिकलला नंबर लागला नाही. तिनं उदगीरला प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स केला, तिथंच लग्न झालं. वडिलांशी ती कामापुरतं बोलायची.

जिलानीभाईंना मात्र एकच गोष्ट छळत होती. आपण जे पुसलं ते होतं तरी काय? देगलूरच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सिंधु मॅडमबद्दल त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं. मुलूखभर वीरगळ, शिलालेख बघत हिंडणारी बाई. ते फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जिलानीभाई त्यांच्याकडे गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. फडकं उजेडात धरून पाहिलं.

"गेरू असेल," त्या म्हणाल्या. "हजारो वर्षांपूर्वीचा असू शकतो, किंवा दोनशे वर्षांचाही. तेलंगणात अशा ग्रॅनाइटवर आदिमानवाची चित्रं सापडली आहेत. पण आता मी काहीच सांगू शकत नाही, जिलानीभाई. बघायला काही शिल्लक नाही."

"हिकडं आणखी कुठं असतील?"

"कुणी शोधलेलंच नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तोच दगड का निवडला?"

"पाणी लागत न्हाई. रंग टिकतो."

मॅडम म्हणाल्या, "त्यांनीही त्याचसाठी निवडला असणार."

इथून जिलानीभाईंचं हिंडणं सुरू झालं. मॅडमनी त्यांना पहिले धडे दिले. चित्राला हात लावायचा नाही. उठाव यावा म्हणून पाणी मारायचं नाही, खडूनं गिरवायचं नाही. जवळ पाण्याचा झरा किंवा जुना ओढा आहे का बघायचं. सकाळी नाही तर उन्हं कलल्यावर जायचं, तिरप्या उजेडात फिकट रंग दिसतो. खाली मातीत जुन्या दगडी हत्यारांच्या, गारेच्या छिलक्या पडल्यात का ते बघायचं, पण उचलायच्या नाहीत. आणि एकट्यानं जायचं नाही. हा शेवटचा धडा जिलानीभाईंनी कधीच पाळला नाही.

एव्हाना फ्लेक्स आले होते. ब्रशचं काम संपत आलं होतं. हाताशी वेळ होता. एसटीनं देगलूर, तिथून मिळेल त्या वाहनानं पुढं, मग पायी. टेकडीसमोर उभं राहून ते स्वतःला विचारायचे, मला इथं रंगवायचं असतं तर मी कुठं रंगवलं असतं? आणि तिथं जायचे. पण जायचं म्हणजे दगडाखाली शिरायचं. वर शंभर मणांचा धोंडा, आत सरपटत जावं लागायचं. पहिल्या वेळी ते अर्ध्यात अडकले. कानात पावसाचा आवाज यायला लागला. पालथे पडून त्यांनी कलमा म्हटला, मागं सरकत बाहेर आले आणि ओकले. दुसऱ्या दिवशी परत गेले. आत काहीच नव्हतं. वटवाघळांची घाण.

सुरुवातीला त्यांना सगळीकडंच चित्रं दिसायची. दगडातल्या लोखंडाचा गंज पाझरून तांबडे ओघळ पडतात, त्यांत ते बैल बघायचे. मेंढपाळांनी गेल्या साली गेरूनं ओढलेल्या रेघा बघून धावत मॅडमकडे यायचे. मॅडम फोटो बघून मान हलवायच्या. एकदा आग्या मोहोळ उठलं, दोन दिवस त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. हाजराबी डोळ्यांत औषध घालता घालता म्हणाल्या, "एक भाऊ दगडाखाली गेला. आता तुम्ही स्वतःच्या पायानं जाऊन राहिले."

दर खेपेला ते येरगुंडीला वाकडी वाट करून जायचे. धुरपताबाई अंगणात असायची. ती आधी पाणी द्यायची आणि मग विचारायची, "घावले का रे हात?"

"न्हाई, मावशी."

"बघ."

तिसऱ्या हिवाळ्यात एक जागा सापडली. येरगुंडीपासून दोन टेकड्या पलीकडे, दोन गुंड्यांच्या फटीत. सूर्य मावळतीला आला आणि उजेड आत घुसला. समोर एक बैल होता. वशिंड उंच, शिंगं लांब आणि मागं वळलेली, पाठीची रेघ एकाच झटक्यात ओढलेली. त्याच्यापुढं बोटाएवढी माणसं एकमेकांना धरून ओळीनं उभी. जिलानीभाई मला म्हणाले, "बैलाची पाठ बघितली अन् कळालं, हा पेंटर हाय. ब्रश उचललाच न्हाई त्यानं." त्या दगडाखाली ते अंधार पडेपर्यंत बसले. वर बघायचं राहून गेलं, हे त्यांना बाहेर आल्यावर कळलं.

सिंधु मॅडम आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फोटो काढले, मापं घेतली, सरकारकडे अहवाल पाठवला. पेपरात बातमी आली. बातमीत जिलानीभाईंचं नाव 'एक स्थानिक रहिवासी' असं होतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. वाईट पुढं झालं. लोक यायला लागले. सुट्टीत कुठल्याशा क्लासची सहल आली. फोटोत रंग उठून दिसावा म्हणून कुणी पाण्याच्या बाटल्या ओतल्या. कुणी बैलाच्या पोटावर खिळ्यानं दोन नावं आणि मधे बदाम कोरला. नंतर त्या टेकडीला खडी क्रशर लागला. मॅडमनी अर्ज केले, कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारल्या. फाइल फिरत राहिली आणि सुरुंग उडत राहिले. एके दिवशी फटीतला एक गुंडा सरकला आणि दुसऱ्यावर बसला. आता तिथं हातही जात नाही.

मॅडम त्यांना म्हणाल्या, "मी बातमी द्यायला नको होती."

जिलानीभाई म्हणाले, "तुमी दिली न्हाई तरी क्रशर आलाच असता."

त्यानंतर त्यांना आणखी काही सापडलं असेल तर ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, मॅडमनाही नाही. मी एकदा सरळच विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही दुकान सांभाळा, शेठ."

धुरपताबाई गेली तेव्हा ते येरगुंडीत पोचले नाहीत. अर्धांगवायूनं तिचा उजवा हात आधीच लुळा पडला होता. शेवटच्या भेटीत तिनं विचारायचं तेच विचारलं. हात सापडले असं खोटं सांगावं का, हा विचार त्यांच्या मनात आला होता. तिला तिथवर नेणं आता शक्यच नव्हतं, खोटं पकडलं गेलं नसतं. पण ते म्हणाले, "न्हाई, मावशी. बैल घावला, मानसं घावली. हात न्हाईत घावले."

"आसूं दे," ती म्हणाली. "तुझं जेवण झालंय का?"

त्यांनी तिच्या घरी भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली आणि निघाले.

दोन वर्षांपूर्वी मुखेडच्या बाजूला एका टेकडीवरून ते घसरले. खुब्याचं हाड मोडलं. मेंढपाळांना दिसले म्हणून वाचले. उदगीरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. हुमा तिथंच लॅबमध्ये कामाला. रक्त तिनंच काढलं, तिनंच तपासलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती त्यांच्या उशाशी बसून संत्रं सोलत होती.

जिलानीभाई म्हणाले, "हुमा, एकदा तुला दाखवायचं हाय. लई चांगली जागा हाय एक. फक्त तुला."

तिनं संत्र्याच्या फोडी बशीत ठेवल्या. "अब्बा, मला दगड दाखवू नका," ती म्हणाली. "तुम्ही केलं ते बरोबर केलं असं लोक म्हणतात. असेल. पण त्या वर्षी मी दिवसातले चौदा तास अभ्यास करून राहिले होते. ते मी विसरले नाही, आणि विसरणार पण नाही."

"हौ," जिलानीभाई म्हणाले.

"खा आता."

त्यांनी फोडी खाल्ल्या. तिनं हात धुतले, चादर नीट केली आणि ड्यूटीवर गेली. ती रोज येत होती, डबा आणत होती, पाय चेपत होती. तो विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

आता जिलानीभाई काठी घेऊन चालतात. फ्लेक्सच्या एका दुकानात बसतात, पोरांच्या चुका काढतात, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात. हिवाळ्यात एखाद्या दिवशी पहाटेची एसटी धरून ते जातात. चढता येत नाही, खालूनच बघतात. गेल्या पौषात मीही बरोबर गेलो. एका उघड्याबोडक्या टेकडीच्या पायथ्याशी ते दुपारभर हिंडले, वाकून वाकून दगडांच्या बगला बघत. शेवटी बाभळीखाली बसून आम्ही हाजराबींनी दिलेल्या चपात्या खाल्ल्या.

"काही दिसलं?" मी विचारलं.

"काय बी न्हाई," ते म्हणाले. पलीकडे क्रशरची धूळ उठत होती, मशीन इकडेच सरकत येत होतं. जिलानीभाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हणाले, "हितं काय बी न्हाई, शेठ. चला, गाडी चुकंल."